ऐरावत आणि देवमासा

इ. स. २०२५ च्या पावसाळ्यांत कोल्हापूर जिल्ह्यांत एका हत्तिणीनें लोकांकडून जेवढें लिहवून घेतलें, तेवढें अलीकडच्या काळांत एखाद्या ग्रंथानेंहि लिहवून घेतलें नसेल. शिरोळ तालुक्यांतील नांदणीच्या जैन मठांत तीन दशकांहून अधिक काळ राहिलेली महादेवी ऊर्फ माधुरी हिला मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानें, व सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केल्यानंतर, जुलै महिन्याच्या अखेरीस जामनगरच्या 'वनतारा' केंद्रांत नेण्यांत आलें. पुढें नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारों लोकांची मूक पदयात्रा निघाली, सभा झाल्या, वृत्तपत्रांचे रकाने भरले, आणि गद्यापाठोपाठ पद्यहि आलें. त्या वादांत न्याय कोणाच्या बाजूस होता हें ठरविण्याचें हें स्थळ नव्हे, व तो आमचा अधिकारहि नव्हे. आम्ही वाङ्मयाचे अभ्यासक. आम्हीं तो मजकूर मजकूर म्हणून वाचला, आणि त्याविषयींच आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

त्या मजकुरांत हत्तीण लेक होती, माय होती, देवी होती, गांवाची शोभा होती. दुसऱ्या पक्षाच्या लिखाणांत ती साखळदंडांतील कैदी होती. हत्तीण म्हणून ती क्वचितच होती. निरोपाच्या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहिलें, यावर किती ओळी खर्ची पडल्या! हत्तीच्या डोळ्यांतील ओलावा नाकांत उतरविणारी नळी त्यास नसते. त्यामुळें तो ओलावा एरव्हींहि गालांवरून ओघळतो, असें प्राणिशास्त्रज्ञ सांगतात. यावरून तिला दुःख झालें नसेल असें मुळींच सिद्ध होत नाहीं. हत्ती ओळखीचीं माणसें व ओळखीच्या जागा वर्षानुवर्षें विसरत नाहीं. तिचें दुःख खरेंच असेल. पण तें तिच्या कानांच्या हालचालींत, सोंडेंत, उभें राहण्याच्या तऱ्हेंत, चारा पुढें असतां तो न घेण्यांत शोधावयास हवें होतें. लिहिणारांनीं तें नाटकांतल्या नायिकेच्या ठिकाणीं, म्हणजे डोळ्यांत, शोधलें. याउलट न्यायालयापुढें आलेल्या तज्ज्ञांच्या कागदांत तिचे पाय होते, नखें होतीं, सांध्यांचीं दुखणीं होतीं. त्या कागदांविषयीं मठाचें म्हणणें निराळें होतें, हें आम्ही जाणतों. परंतु निदान ते कागद एका हत्तिणीविषयीं होते. सरकारी कागदानें कवीपेक्षां अधिक पाहावें, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभिमान्यांस लाजविणारी आहे.

हा दोष त्या एका पावसाळ्याचा नाहीं. तो आमच्या भाषेच्या संवयीचा आहे. जमिनीवरचा सर्वांत मोठा प्राणी मराठींत शब्दांच्या गर्दींत हरवला आहे, आणि समुद्रांतला सर्वांत मोठा प्राणी शब्दांवांचून हरवला आहे. दोहोंचा परिणाम एकच: दोघेहि दिसत नाहींत.

प्रथम हत्ती घेऊं. (मोठेपणाचा पहिला मान आफ्रिकेंतील हत्तीचा, त्याचा नर खांद्यापाशीं साडेदहा फूट व वजनानें सहा टनांच्या आसपास भरतो. आपला हत्ती त्याहून लहान. पण वाङ्मयांत तोच थोरला आहे.) आमच्या बोलींत तो पावलोपावलीं भेटतो. हत्ती जातो आणि शेपूट राहतें. हत्ती बुडतो तेथें शेळी ठाव मागते. आनंद झाला कीं हत्तीवरून साखर वांटतात. निरुपयोगी खर्चाला पांढरा हत्ती म्हणतात. आणि ज्याच्या दारीं हत्ती झुलतात त्याच्या घरीं गजांतलक्ष्मी नांदते. या साऱ्या म्हणींतून हत्ती काढून तेथें एखादा डोंगर ठेवला तरी बहुतेकींचें कांहीं बिघडणार नाहीं! म्हणजे तेथें हत्ती नाहींच, केवळ मोठेपणा आहे. फक्त दाखवावयाचे व खावयाचे दांत निराळे, ही एकच म्हण अशी आहे कीं, ती ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें हत्तीचें तोंड उघडलेलें पाहिलें होतें.

संस्कृताची गोष्ट अधिक बोलकी आहे. अमरकोशांत हत्तीच्या नांवांची रांग आहे, ती आम्हीं शाळेंत घोकली. त्या वेळीं कोणीं आम्हांस सांगितलें नाहीं कीं, यांतील पुष्कळ नांवें म्हणजे कोण्या जुन्या पाहणाराचीं टिपणें आहेत. 'द्विप' म्हणजे दोनदां पिणारा, आधीं सोंडेनें आणि मग तोंडानें. 'पद्मी' म्हणजे ज्याच्या कातडीवर कमळाच्या रंगाचे ठिपके उमटतात तो. वयस्क हत्तीच्या सोंडेवर व कानांवर ते आजहि पाहावे. 'स्तंबेरम' हा शब्द तर आम्हांस फार आवडतो: गवताच्या झुबक्यांत रमणारा. राजांच्या मिरवणुका, अंबाऱ्या, युद्धें हीं सर्व बाजूस सारून रानांत एकटा चरत असलेला हत्ती ज्यानें घटकाभर निवांत पाहिला, त्यानेंच हा शब्द घडविला असला पाहिजे. पुढें काय झालें? ही टिपणें कोशांत गेलीं, कोशांतून कवींच्या हातीं आलीं, आणि कवींनीं तीं वृत्तांत जेथें जी जागा रिकामी असेल तेथें बसविलीं. दोन मात्रा हव्या असतील तर गज, तीन हव्या असतील तर करी. ज्यानें दोनदां पिणें पाहिलें त्याचा शब्द, न पाहणाराच्या चरणांतील भोंक बुजवावयास आला.

ज्यांस हत्तीशीं प्रत्यक्ष काम पडे त्यांनीं मात्र डोळे मिटले नव्हते. पालकाप्याच्या नांवावरील 'हस्त्यायुर्वेद' पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापला. हत्तीचे रोग व त्यांवरील उपचार हा त्या प्रचंड ग्रंथाचा विषय आहे. बाराव्या शतकांतील चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासां'त हत्ती धरण्याच्या व राखण्याच्या रीति आहेत. आमच्याच जिल्ह्यांत, नांदणी ज्या तालुक्यांत आहे त्याच शिरोळ तालुक्यांत, कृष्णेच्या कांठीं खिद्रापूरचें कोपेश्वर मंदिर आहे. त्याच्या पीठावर हत्तींची ओळ कोरलेली आहे. साऱ्या देवळाचा भार आपल्या पाठीवर पडला आहे अशा बेतानें ते उभे आहेत. पुष्कळांच्या सोंडा आतां भंगल्या आहेत. तरी पायांची ठेवण पाहावी. जेथें त्या पाथरवटांनीं हत्ती पाहून दगड फोडला, तेथें कवींनीं दुसरा कवि पाहून श्लोक रचला. आमच्या मतें मराठी लेखकांनीं हत्तीचें वर्णन करण्यापूर्वीं एकवार खिद्रापुरास जावें.

कविसंकेताचें एक उदाहरण येथें दिल्यावांचून राहवत नाहीं. मत्त हत्तीच्या गंडस्थळांतून मद पाझरतो, आणि त्या मदावर भुंगे जमतात, हें संस्कृत काव्यांत व त्याच्या अनुकरणानें मराठी आख्यानकाव्यांत इतक्या वेळां आलें आहे कीं, भुंग्यांवांचून हत्ती म्हणजे कुंकवावांचून सुवासिनी! मद खराच पाझरतो. तें निरीक्षण आहे. भुंगे मात्र शोभेचे आहेत. आफ्रिकेंत या शतकाच्या आरंभापासून संशोधकांनीं दाखविलें आहे कीं, मधमाशांचा नुसता गुंजारव ऐकून हत्तींचे कळप मागें फिरतात. सोंडेच्या टोंकाला व डोळ्यांभोंवतीं मधमाशी डसली तर एवढें धूडहि कळवळतें. त्या आधारावर तेथील शेतकरी शेताभोंवतीं मधाच्या पेट्या टांगून कुंपण करतात. भुंगा म्हणजे मधमाशी नव्हे, असें कोणी म्हणेल, व तें खरें आहे. पण ज्या प्राण्याला गुणगुणणाऱ्या थव्याची एवढी धास्ती, त्याच्या गालावर शतकानुशतकें थवे बसवून ठेवतांना एकाहि कवीस शंका आली नाहीं, हें नवल नव्हे काय?

या सर्वांत तुकोबांचें वेगळेपण उठून दिसतें. लहानपण मागणाऱ्या त्यांच्या प्रसिद्ध अभंगांत ऐरावत येतो, तो रत्नाच्या थोरवीसह येतो, आणि त्याबरोबरच अंकुश येतो. इतरांनीं ऐरावताची झूल पाहिली. तुकोबांनीं त्याच्या मस्तकावरची जखम पाहिली. तो अभंग आम्ही नम्रतेचा पाठ म्हणून मुलांकडून म्हणवून घेतों. पण त्यांत मोठ्या देहाच्या दैवाविषयीं जी कणव आहे ती एका शेतकरी दुकानदाराची आहे, ज्यानें जनावरें जवळून पाहिलीं होतीं. आमच्या करवीर नगरींत शाहू महाराजांच्या कारकीर्दींत (१८९४–१९२२) साठमारीचा खेळ होत असे. मस्तींत आलेला हत्ती मोकळा सोडावयाचा, साठमारांनीं त्याला भाल्यांनीं डिवचावयाचें, आणि तो अंगावर आला कीं दगडी बुरुजांच्या आड पळावयाचें. त्या जागेचें नांव शहरांत अजून साठमारीच आहे. त्या खेळाचीं वर्णनें वाचतांना साठमारांचें धाडस दिसतें, प्रेक्षकांची गर्दी दिसते, महाराजांचा रुबाब दिसतो. अंकुशाच्या टोंकाशीं जो उभा होता तो तेवढा दिसत नाहीं.

आतां हत्ती स्वतःच आपल्या पायांनीं चालत आला आहे. २००२ च्या सुमारास दांडेलीच्या बाजूच्या रानांतून हत्ती सह्याद्रीच्या या अंगास उतरूं लागले, आणि तेव्हांपासून चंदगड, आजरा व दोडामार्ग या तालुक्यांतील लोकांस हत्ती म्हणजे रात्रीं उसांत शिरणारा, केळीं आडवीं करणारा, भाताचें खळें तुडविणारा शेजारी झाला आहे. वर्तमानपत्रें त्याला 'टस्कर' म्हणतात. ज्या भाषेंत त्याला दंती म्हणत असत, त्या भाषेंत दांत असलेल्या हत्तीस नांव द्यावयास इंग्रजीकडे जावें लागतें. कारण 'दंती' हा शब्द आम्हीं इतका काव्यांत कोंडला कीं तो उसाच्या फडांत फिरूं शकत नाहीं. आजऱ्याच्या शेतकऱ्यास हत्तीची भीति वाटते, त्याच्याविषयीं राग येतो, आणि तोच शेतकरी त्याला गणपति समजून हातहि जोडतो. पीक तुडविणाऱ्याला नमस्कार करणारा हा माणूस म्हणजे एखाद्या कादंबरीकारास आयतें मिळालेलें धन आहे. तें रकान्यांच्या खालच्या कोपऱ्यांतील बातम्यांतच पडून आहे.

समुद्राकडे वळतांना वाट उलटी होते. तेथें शब्दच नाहीं. 'देवमासा' हा जो आहे त्यांतील पहिला अर्धा भाग भक्तीचा व दुसरा चुकीचा, असें विज्ञानाचे शिक्षक म्हणतात. तो प्राणी हवेंत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो, त्याचें रक्त उष्ण असतें. तो मासा नव्हे. इतकेंच नव्हे, त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. काश्मीरांत सांपडलेल्या एका खुरी प्राण्याच्या जीवाश्मांवरून, ज्यास 'इंडोह्यस' असें नांव आहे, २००७ सालीं संशोधकांनीं दाखविलें कीं, देवमाशांचें मूळ अशाच लहानशा, हरणासारख्या कुळांत आहे. उलट हत्तीचे आजचे जवळचे नातलग पाहूं गेल्यास त्यांत मन्नारच्या आखातांतील समुद्रगाय निघते. ज्याला आम्ही मासा म्हणतों तो जमिनीचा, आणि जो जमिनीचा राजा त्याची भावकी समुद्रांत! असें असूनहि आम्ही 'देवमासा' या शब्दाच्या बाजूचे आहों. हर्मन मेल्व्हिल या अमेरिकन कादंबरीकारानें १८५१ च्या आपल्या 'मोबी-डिक'मध्यें लिनियसचें मत ठाऊक असतांहि देवमाशास खुशाल मासाच म्हटलें, कारण त्याला खलाशांच्या जगांतील प्राणी हवा होता, संग्रहालयांतील नव्हे. तोच न्याय आमच्या कोळ्यांना द्यावा. आमचा राग आहे तो 'व्हेल मासा' या जोडशब्दावर. त्यांत इंग्रजीचें ज्ञान नाहीं आणि मराठीची भक्तीहि नाहीं.

संस्कृतांत मात्र एक ठिकाण असें आहे कीं, तेथें आमचा उत्साह आवरत नाहीं. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम पुष्पकांतून सीतेला समुद्र दाखवितो. तेथें कालिदास 'तिमि' नांवाचे जलचर वर्णितो: ते तोंड उघडून नदीमुखाचें पाणी आंतील जीवांसह घेतात, मग तोंड मिटतात, आणि डोक्यावरील छिद्रांतून पाण्याचे लोट वर उडवितात. वाचकांनीं थोडें थांबून पाहावें. निळा देवमासा, पृथ्वीवर आजवर ठाऊक झालेल्या सर्व प्राण्यांत मोठा, शंभर फुटांच्या जवळ जाणारा व दीडशें टनांपर्यंत भरणारा, आपलें पोट याच रीतीनें भरतो. तो पाण्याचा मोठा घोट जीवांसकट घेतो, तोंड मिटतो, जबड्याच्या झालरींतून पाणी बाहेर लोटतो, आणि बोटाएवढ्या कोळंबीसारख्या जिवांचा ढीग गिळतो. डोक्यावरून उडतो तो त्याचा श्वास असतो, पाणी नव्हे. एवढीच कालिदासाची चूक, आणि ती दुरून पाहणाऱ्या प्रत्येकाची आहे. उज्जयिनीच्या वैभवांत रमणाऱ्या या कवीनें हें कोठें पाहिलें? भृगुकच्छाच्या किंवा शूर्पारकाच्या एखाद्या नाविकाच्या तोंडून ऐकलें असेल, असा आमचा आपला तर्क आहे.

आणि आतां त्याच्याच पुढचा श्लोक. तेथें हत्तीएवढे मगर पाण्यावर उसळतात, फेस दुभंगतो, आणि तो त्यांच्या गालांवरून सरकतांना क्षणभर कानांजवळच्या चामरांसारखा दिसतो. झालें! समुद्र संपला, राजवाड्याचें अंगण आलें, चामरें लावलेला मिरवणुकींतील हत्ती आला. एका श्लोकांत कालिदासानें पाहिलें, दुसऱ्यांत सजविलें. दुसरा श्लोक सुंदर आहे यांत शंका नाहीं. पण पुढच्या हजार-दीड हजार वर्षांत शिष्यांनीं गुरूच्या या दुसऱ्या श्लोकाचा धडा गिरविला, पहिल्याचा नव्हे; आणि तिमीचें काय झालें म्हणाल, तर पुराणांनीं त्याला गिळणारा तिमिंगिल व त्यालाहि गिळणारा तिमिंगिलगिल निर्माण केला. मोठें पाहवत नसलें कीं त्याहून मोठें सांगावें, ही युक्ति जुनी आहे. वस्तुस्थिति याहून विलक्षण आहे: सर्वांत मोठा गिळतो तो सर्वांत क्षुद्राला, आणि त्याच्या घशांतून माणूसहि जाणार नाहीं.

एडमंड बर्कनें १७५७ च्या आपल्या निबंधांत भव्यतेचा उगम विस्तारांत व भयांत शोधला. आमच्या विद्यार्थिदशेंत तें मत आम्हीं प्रमाण मानलें, आणि मराठी गद्यांत अद्याप तेंच चालतें. म्हणून मोठा प्राणी आला कीं 'महाकाय', 'अजस्र', 'अवाढव्य', 'धूड' हीं विशेषणें हजर होतात. (धूड हें आम्हींहि वर वापरलें, संवय जात नाहीं.) पण २०१५ च्या जूनमध्यें रेवदंड्याच्या किनाऱ्यास सुमारें बेचाळीस फुटांचा निळा देवमासा लागला आणि मेला, २०२३ च्या नोव्हेंबरांत गणपतीपुळ्यास देवमाशाचें पिलू वाळूंत रुतलें, लोकांनीं त्यावर पाणी ओतलें, त्याला समुद्रांत ढकललें, आणि अखेर तें वांचलें नाहीं. येथें विस्तार होता, भय कोठें होतें? पाण्याबाहेर त्या देहाला स्वतःचा भारच सोसवत नाहीं. त्याच्या मोठेपणानेंच त्याचा श्वास कोंडतो. या प्रसंगास लागणारें विशेषण 'महाकाय'च्या घराण्यांतलें नव्हे; तें तुकोबांच्या अंकुशाच्या घराण्यांतलें आहे.

आणखी एक शोध येथें सांगितला पाहिजे, कारण तो या दोन प्राण्यांस एकत्र आणतो. केटी पेन ही अमेरिकन विदुषी आरंभीं आपल्या पतीसह देवमाशांचीं गाणीं अभ्यासीत असे. १९८४ सालीं पोर्टलंड येथील प्राणिसंग्रहालयांत हत्तींजवळ बसली असतां तिला हवेंत एक प्रकारचा ठोका जाणवला. ऐकूं कांहींच येत नव्हतें. यंत्रांनीं शोध केल्यावर कळलें कीं, हत्ती आपल्या कानांस न पोंचणाऱ्या खर्जांत एकमेकांशीं बोलत असतात. निळा देवमासाहि असाच खर्जांत बोलतो, व तो आवाज समुद्रांत शेंकडों मैल जातो. म्हणजे जगांतील दोन मोठ्यांत मोठ्या प्राण्यांचें बोलणें आमच्या शेजारीं चाललेलें असून तें आम्हांस ऐकूं येत नाहीं. खर्ज म्हणजे काय हें अल्लादियाखांसाहेबांचें गाणें ज्या गांवानें ऐकलें, त्या कोल्हापुरास समजावून सांगावयास नको.

लिहावें कसें, असें कोणी विचारील तर आम्ही जॉर्ज ऑर्वेलच्या १९३६ मधील ब्रह्मदेशांतील हत्तीवरच्या निबंधाकडे बोट दाखवूं. त्यांत राजसत्तेची मीमांसा आहे, म्हणून तो कॉलेजांत नेमतात. आम्हांस त्यांतील हत्तीचें गवत खाणें अधिक मोलाचें वाटतें: तो गवताचा झुबका उपटतो, गुडघ्यांवर आपटून माती झाडतो आणि मग तोंडांत घालतो. स्तंबेरम! अमरकोशांतला शब्द इंग्रज शिपायाच्या गद्यांत पुन्हां जिवंत झाला, आणि आमच्या गद्यांत तो मेलेलाच आहे. मराठीस हें साधणार नाहीं असें मात्र नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांनीं १९८२ च्या 'सत्तांतरां'त वानरांच्या टोळ्यांवर एक अख्खी कादंबरी उभी केली, व तीत वानरांस माणूस केलें नाहीं. मारुति चितमपल्लींनीं वनाधिकाऱ्याच्या नोकरींत आदिवासींचे शब्द टिपून ठेवले व ते ललित गद्यांत आणले. अशा डोळ्यांचा एखादा तरुण आजऱ्याच्या फडाच्या बांधावर, किंवा मालवणच्या होडींत बसला पाहिजे. सिंधुदुर्गाच्या समुद्रांत कुणकेश्वराजवळ २०१५ सालीं निळे देवमासे जिवंत, पोहत असलेले संशोधकांस दिसले होते. तेव्हां विषय फार दूर नाहीं.

तोंवर वृत्तपत्रकारांस एक लहानशी विनंति. तस्करीच्या बातम्यांत ते नित्य 'व्हेल माशाची उलटी' असें लिहितात. तो पदार्थ उलटी नव्हे. स्पर्म जातीच्या देवमाशाच्या आंतड्यांत तो बनतो, आणि अत्तरवाल्यांच्या दुकानांत त्याला पिढ्यान्‌पिढ्या 'अंबर' म्हणत आले आहेत. तो जुना शब्द त्यांनीं पुन्हां हातीं घ्यावा.